लोखंडाला सलाम

६ जानेवारी, सोम.
डॉक्टरांनी रोज चार ओळी लिहायला सांगितल्यात. अक्षर बारीक होत जातं का ते बघायचं म्हणे. आजचं मुंगीएवढं. उजवा हात टेबलावर ठेवला की आपला आपला हलतो. गोळ्या सुरू. घरात फक्त शोभाला माहीत. शेंद्र्याच्या कंपनीत कुणाला नाही. वेल्डरचा हात हलतो हे कळलं तर गेटवर बसवतील.

९ जाने., गुरु.
ट्रेनिंग रूममध्ये डोकावलो. नवी पोरं डोळ्यांवर हेडसेट चढवून माझ्याकडून वेल्डिंग शिकतात. म्हणजे माझ्या हातांकडून. चार वर्षांपूर्वी ट्रेनिंगच्या प्राची मॅडमनी दोन दिवस बसून माझे हात त्यात उतरवले. आत माझे हात दिसतात, आपले त्यांच्यावर ठेवून चालवायचे. चुकलं की लाल. ठिणगी नाही, धूर नाही, डोळे जळत नाहीत. शोभा याला गेमच म्हणते. खोटं नाही, हाच हेडसेट लावून पोरं घरी गाड्या पळवतात.

आज पाहिलं, सहाच्या सहा पोरांनी आधी टेबलाला दोन बोटं टेकवून कपाळाला लावली, मग सुरुवात. ही माझी सवय! शहागंजात ग्रिल-गेटच्या दुकानात रफिक उस्तादांनी लावलेली. "पहले लोहे को सलाम, बाद में आग." रेकॉर्डिंगच्या वेळी नकळत केलं असणार, आणि मशीननं ती पहिली पायरी धरली. सलाम नाही केला की मार्क कापते. उस्ताद जाऊन बारा वर्षं झाली.
डोळे जळत नाहीत असं वर उगाच लिहिलं.

१४ जाने., मंगळ. संक्रांत.
मॅडमनी तिळगूळ दिला आणि सांगितलं, नवे हेडसेट येतायत. हातात काही धरायचं नाही, उघडा हात बोटन् बोट ओळखतात. जुनं रेकॉर्डिंग त्यात चालणार नाही. सोमवारी परत माझेच हात घ्यायचेत. हो म्हणालो. तिळगूळ डाव्या हातानं घेतला. काय वाटलं असेल त्यांना, सणासुदीचं.
शोभाला सांगितलं. म्हणाली, "सांगून टाका की. चोरी केली व्हय तुम्ही?"
चोरी नाही केली. पण तीस वर्षं लोकांनी मला हातावरूनच ओळखलंय.

१७ जाने., शुक्र.
जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी होती. जुना हेडसेट लावला. समोर माझेच हात, दगडासारखे स्थिर. त्यांच्यावर माझे ठेवले. लाल, लाल, लाल. माझ्याच कामात मला नापास केलं. सलाम तेवढा हिरवा आला.

२० जाने., सोम.
गोळी आधीच घेतली होती, तरी. पडद्यावर हात खऱ्यापेक्षा जास्त हलताना दिसला. मॅडमनी बाकीच्यांना बाहेर पाठवलं.
"कधीपासून, काका?"
दिवाळीपासून, म्हणालो.
 त्यांनी एक बटण दाबून दाखवलं, थरथर काढता येते म्हणून. पडद्यावर माझे हात शांत झाले. टेबलाखाली खरा हात हलतच होता. लेकीच्या वयाच्या मुलीसमोर रडलो.

२२ जाने., बुध.
मॅडमना साहेबांना सांगावंच लागलं. त्यांचा निर्णय. दुरुस्त केलेल्या हातावरून शिकवायचं नाही. बरोबर आहे, मीही हेच म्हणालो असतो. संतोषचे हात घेणार. माझ्याच हाताखाली तयार झालाय, टाका सुरेख पडतो त्याचा. मला स्टोअरला टाकलं, म्हणजे गेट तरी वाचलं. सलाम मात्र काढणार, 'जादा हालचाल' म्हणून. संतोष सलाम करत नाही. मीच कधी शिकवला नाही त्याला. का नाही शिकवला, आठवत नाही…

२४ जाने., शुक्र.
मॅडमना एकच मागितलं. वेल्डिंग संतोषचं, सलाम माझा राहू द्या. त्यांनी साहेबांची परवानगी आणली. नव्या हेडसेटसमोर बसलो, दोन बोटं टेबलाला, मग कपाळाला. पाच सेकंदांचं काम. हात हललाच.
"एवढी थरथर काढते मी."
काढू नका म्हणालो. उस्तादांचाही हलायचा. शेवटची दोन वर्षं दुकान मुलं चालवत, ते फक्त सकाळी येऊन सलाम करून जात.
मॅडम म्हणाल्या, "पण काका, मशीन त्यालाही पायरी समजेल. पोरं हात थरथरवत सलाम करतील. नाही थरथरला तर लाल."
आधी हसू आलं. मग सहा धडधाकट पोरं, सहा हलते हात डोळ्यांसमोर आले.
दोन्ही ठेवलेत त्यांनी, हलणारा आणि शांत. कुठला घालायचा ते मी सोमवारी सांगायचं.

२६ जाने., रवि.
शोभाला विचारलं. म्हणाली, "पोरांनला तुमचं दुखणं कशाला शिकवता?" थोड्या वेळानं म्हणाली, "पण तो शांत हात तुमचा नाय वाटत."
उद्या सोमवार.