बारा चित्रांतला माणूस

गुरुजी, नारू रोगाच्या त्या बारा चित्रांत मी तुम्हाला आजारी माणूस केलं, त्याबद्दल लिहायला बसलो आहे. सकाळपासून दोन कागद फाडले. सातवीही पुरी न केलेला मी. वाक्य कुठे मोडायचं ते मला नीट कळत नाही, आणि तुम्ही लाल पेन्सिल घेऊन मागे उभे आहात असं वाटून अजून हात थांबतो. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा आता माझं वय जास्त झालं. तरी धाक गेला नाही.

लढाईचे दिवस होते, कागद सहज मिळत नव्हता. आरोग्यखात्याचा माणूस शाळेत सांगून गेला की नारू कसा होतो ती गोष्ट मुलांनी बारा चित्रांत काढायची. ज्याची पसंत पडतील त्याची काचेवर उतरवून, दिव्याच्या यंत्राने पडद्यावर गावोगाव दाखवणार. तुम्ही मला बोलावलंत, मोठ्या तावाला घड्या घालून बारा चौकटी पाडून दिल्यात. "एका चौकटीत एकच गोष्ट," तुम्ही म्हणालात. "मानूस बारवेत उतरला, इतकंच. पानी पेला, ते पुढच्या चौकटीत." मला तेच जमत नव्हतं. मला बारव, बैल, आभाळ सगळं एकदमच काढायचं असायचं.

पहिला खर्डा आईला दाखवला तेव्हा ती भाकरी थापत होती. पिठाचे हात दूर धरून तिने बघितलं आणि विचारलं, "कोन्या गावचे रे हे बारा जन? साऱ्याइलेच नारू झाला का?" मी सांगितलं, एकच माणूस आहे, बारा वेळा काढला आहे. "एक मानूस बारा जागी कसा राहीन?" म्हणून ती तव्याकडे वळली. दुसऱ्या दिवशी हे ऐकून तुम्ही खूप हसलात. मग म्हणालात, "बाई बरोबर बोलते. त्याले असं काही दे, का दुरून पाह्यलं तरी तोच हाय हे कळलं पाहिजे."

दुरून ओळखू येणारा माणूस मला एकच माहीत होता. डावा खांदा पडलेला, काखेत मिटलेली छत्री, पावसातही मिटलेलीच. चेहरा काढायची गरजच नव्हती. चित्रांत तुम्ही न गाळता पाणी पिता. वर्षाने तुमच्या पोटरीतून तो किडा दोऱ्यासारखा बाहेर येतो. आग होते म्हणून तुम्ही तोच पाय बारवेत बुडवता आणि पलीकडच्या पायरीवर बायका घागरी भरत आहेत. खरं तर तुम्हाला आयुष्यात कधी नारू झाला नव्हता.

तुम्ही कागद बराच वेळ पाहिलात. "छत्री बरी जमली," म्हणालात. मग, "दुसरा कोनी नाही सुचला तुले? चार दिवस हायेत अजून. पुन्हा काढतो का?" मी म्हणालो, "कागद सरला, गुर्जी." सरला नव्हता. तुम्हीच दिलेले दोन ताव घरी कोठीवर होते. पण इतकं चांगलं पुन्हा जमेल का, याची मला धास्ती होती. तुम्ही "बरं" म्हणालात आणि गुंडाळी सुतळीने बांधली.

बक्षीस मला मिळालं, रंगांची पेटी. कामरगावला बाजाराच्या दिवशी कापसाच्या जिनाच्या शेडात दारं लावून, खिडक्यांवर ताडपत्र्या टाकून चित्रं दाखवली. आपल्या गावचे लोक पुढेच बसलेले. दुसऱ्याच चित्राला कोणी तरी म्हणालं, "अरे, हे तं आपले मास्तर." शेड हसलं. पाय बारवेत बुडाला त्या चित्राला मात्र कोणी हसलं नाही. एक म्हातारी हळूच म्हणाली, "म्हनून माह्या सुनेले झाला काय?" तुम्ही माझ्या कानाशी वाकलात. "पाय जरा मोठा झाला. बाकी ठीक," इतकंच म्हणालात.

त्याच आठवड्यात बारवेवर तीच म्हातारी तुम्हाला म्हणते, "मास्तर, तुमी वरच थांबा. पान्याले पाय नका लावू."

"अवो, ते चित्र हाय."

"सरकारनं दाखवलं ना? सरकार कायले खोटं दाखवन?"

तुम्ही धोतर वर करून पोटरी दाखवता. ती वाकून पाहते. "आता बरा झाला असन," म्हणते. बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या. तुम्ही रिकामी बादली घेऊन वरच्या पायरीवर, आणि मी घागर घेऊन तुमच्या मागे. हे चित्र मी काढलं, मनानेच काढलं, एवढंच मला सांगायचं होतं. पण चित्रं खोटी ठरली तर पेटी परत मागतील, असं मनात आलं. मी तुमची बादली घेतली, भरून आणून दिली. "हळू, सांडते," तुम्ही म्हणालात. पुढे दिवाळीपर्यंत मी रोज ती भरत होतो. तुम्ही मला एकदाही काही विचारलं नाही.

दिवाळीनंतर तुमची बदली मंगरूळपीरकडे झाली. तुम्ही मागून घेतली की शाळाखात्याने केली, हे मला आजवर कळलं नाही. लोक म्हणाले, घराजवळ गेले, बरं झालं. तसंच असेल, असं मी स्वतःला सांगत आलो, आणि दर वेळी मला ते थोडं कमीच पटलं. आता सांगून सांगून थकलो.

पुढे कित्येक वर्षांनी मंगरूळपीरच्या मोटार स्टँडवर तुमचा पुतण्या भेटला. तुम्ही गेल्याचं त्याच्याकडून कळलं. मी टोपी काढली, बोलायचं ते बोललो, त्याला चहा पाजला. हा कागद त्याला दाखवायचा नाही. दुसरा पत्ता माझ्याजवळ नाही, म्हणून पाकीटही आणलं नाही. फक्त तुम्हाला सांगतो, गुरुजी. त्या दिवशी बसमध्ये बसल्यावर, आता हे तुम्हाला तोंडावर सांगावं लागणार नाही म्हणून, मला आधी हलकं वाटलं. रडू आलं ते घरी पोचल्यावर, तेही बायकोने काय झालं म्हणून विचारलं तेव्हा.