डाव्या बुटातली शिम

शुक्र., ९ जाने.
सुट्टी. तरी सहाला जाग. गुडघे ठणकतायत. आठवडाभर लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहायचं, मग दुसरं काय होणार.
सनाचे स्कीचे बूट आले. दोहा सोडून निघालेल्या एका जर्मन कुटुंबाचे, वापरलेले. एकेक बूट म्हणजे उखळ. शाळेची ट्रिप १ फेब्रु.ला जॉर्जियाला, बर्फात. आमच्या रत्नागिरीच्या सात पिढ्यांनी बर्फ पाहिला तो मासळीवरचा. पंधरा वर्षांची ही पोर त्यावरून घसरणार म्हणे.
संमतीच्या फॉर्मवर सही केलेली नाही. तिचा डावा पाय.

शनि., १० जाने.
सनाला घेऊन स्कीच्या क्लबमध्ये गेलो. सरकत्या गालिच्याच्या मशीनवर सराव करून घेतात. कोच निनो मॅडम, जॉर्जियाच्याच. म्हणाल्या, "डावा गुडघा आत पडतो. असं चाललं तर बर्फात पाय पिरगळेल. बुटाच्या आत, पायाखाली तिरकी पट्टी हवी. इथे करून देणारं कुणी माहीत नाही."
पट्टी म्हणजे शिम. बावीस वर्षं लिफ्टच्या रेलमागे शिमा घालतोय, रेल ओळंब्यात यावा म्हणून. मी करतो म्हटलं.
गुडघा आत का पडतो ते मात्र त्यांना सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी सनाची नडगी मोडली. डॉक्टर म्हणाले होते, पंधरा दिवसांनी परत दाखवा. मी तेव्हा मुक्कामाला अल रुवैसला, बंदराजवळच्या बिल्डिंगचं काम. ओव्हरटाइमवर ओव्हरटाइम. बायकोला, रेहानाला म्हटलं, मी आलो की नेऊ. पाच आठवडे गेले. तोवर हाड वाकडं जुळलं.

मंगळ., १३ जाने.
ड्यूटीवरून आलो तसा मापाला बसलो. हॉलमध्ये, खिडकीजवळ. बूट घालून उभं केलं, गुडघ्यावरून ओळंबा सोडला.
"सरळ उभी राहा."
"आय ॲम सरळ, अब्बा."
डावा बुटाच्या मध्यापासून १८ मिमी आत. उजवा मोजला नाही, धड पायाला काय मोजायचं.
अठरा. रेल असता तर उखडायला लावला असता. जेवण गेलं नाही.

गुरु., १५ जाने.
पितळी शिम पायाला कडक. रेहानाच्या जुन्या प्लॅस्टिकच्या चॉपिंग बोर्डाचा तुकडा कापला, कानस मारून पाचर केली. आतल्या कडेला ३ मिमी, बाहेर शून्य. बुटातल्या तळपट्टीखाली बसवली. ओळंबा बरोबर मध्यावर आला.
रेहाना: "सगला बोर्ड न्हेलात, आता कांदा काय तलव्यावर कापू?"
दोन दिवसांत पहिल्यांदा हसलो.

शनि., १७ जाने.
मशीनवर गुडघा आता बाहेर जातो. निनो मॅडमनी नकारार्थी मान हलवली. सना उतरली तेव्हा ओठ घट्ट. बूट काढला तर घोटा लाल.
"दुखतं?"
"इट्स फाइन."
तेव्हाही हेच म्हणायची, प्लॅस्टरमध्ये असताना. अल रुवैसहून फोन केला की रोज. इट्स फाइन. मलाही तेच ऐकायचं होतं.

सोम., १९ जाने.
परत मोजलं, त्याच जागी. ओळंबा म्हणतो बरोबर, मशीन म्हणतं चूक. बावीस वर्षांत ओळंबा खोटं बोललेला नाही. मग पायच असा बिघडलाय की माझ्या अकलेपलीकडे.
सनाला सांगून टाकलं, सही करणार नाही. रडली नाही. "ओके" म्हणाली, बूट खोक्यात भरले, खोकं पलंगाखाली ढकललं. रेहाना माझ्याशी बोलत नाही. थकलो. कुणाशी भांडायचंही त्राण नाही.

शुक्र., २३ जाने.
नमाजाला निघालो होतो. रेहाना हॉल धूत होती, बादली कलंडली. मी आपला फडकं घेऊन दाराकडे धावलो.
"तिकडं खयं? पानी ह्या खिडकीच्याच कोपऱ्यात येतंय. नऊ वरसां मी हितनंच पुसतंय. तुमी कधी इचारलात?"
फडकं तिथेच टाकलं. मग टूलबॅगेतून लेव्हल काढली, खिडकीजवळ ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला.
हा हॉल म्हणजे जुन्या व्हिलाचं उघडं अंगण. आमच्या अल मुंतझा भागात अशी किती घरं, वर छप्पर टाकून, पार्टिशन मारून भाड्याने दिलेली. अंगणाला मोरीकडे उतार असणारच. साइटवर लेव्हल लावल्याशिवाय मी ओळंब्याला हात लावत नाही, आणि स्वतःच्या घरात? दिव्याखाली अंधार, दुसरं काय. उजवा पाय मोजला असता तरी त्याच दिवशी कळलं असतं. दोन्ही एकाच बाजूला कललेले दिसले असते.
नमाजानंतर बेडरूममध्ये मोजलं, आधी फरशी तपासून. उजवा शून्य. डावा ९.
अर्धं फरशीचं. अर्धं माझं.

शनि., २४ जाने.
शिम घासून निम्मी केली. निनो मॅडमनी अंगठा दाखवला.
गाडीत सना म्हणाली, "सो माझा लेग ओके होता? ओन्ली द फ्लोअर?"
हो म्हणणं सोपं होतं. गाडी बाजूला घेतली, सांगितलं. पंधरा दिवसांचं, पाच आठवड्यांचं, सगळं.
ती मग म्हणाली, "आय नो, अब्बा. मला खूप दुखायचं. तुम्ही दमलेले असायचे, म्हणून मी फाइन म्हणायची."
मागून कुणीतरी हॉर्न मारला. घरी येऊन फॉर्मवर सही केली.

रवि., १ फेब्रु.
सना गेली. बूट हातातच घेऊन गेली, बॅगेत मावेनात. रेहाना रिकाम्या खोलीत दोनदा झाडू मारून आली.

मंगळ., ३ फेब्रु.
साइटवर असताना फोन. मागे वारा, पोरांचा आरडाओरडा. म्हणाली खूप उंच आहे, पांढरं पांढरं आहे, दोनदा पडले.
"पाय कसा आहे?"
"इट्स फाइन."
कुठलं फाइन, हे विचारेपर्यंत लाइन गेली.