चांगदेव यांनी स्टार्टला यावे

सोमवार, १२ जानेवारी
निर्णय झाला. येत्या रविवारी खडवलीच्या पुढे मैदानावर हौशी ड्रायव्हरांची शर्यत आहे आणि मी उतरणार. दादाच्या गाडीने.

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ चांगदेव, जूनमध्ये गेला. हार्ट. ही जुनी निळी गाडी तो याच शर्यतीसाठी वर्षानुवर्षं ठाकठीक करत होता. गेल्या मे महिन्यात अवकाळी पावसाने शर्यत रद्द झाली आणि त्याची एंट्री यंदावर ढकलली गेली. आता मृणाल वहिनी पुढच्या सोमवारी गाडी भंगारवाल्याला देणार आहे. म्हणजे एकच संधी. गाडीने एकदा तरी ती मातीतली फेरी पूर्ण करायची. मी आहे ना.

एंट्री दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, असा नियम. म्हणून शनिवार-रविवार मी चांगदेव. आयोजकांनी दादाला पाहिलेलं नाही. आडनाव एकच आहे, निम्मं काम तिथेच झालं.

बायको, दीप्ती, म्हणाली की तुला सोसायटीत रिव्हर्स घेता येत नाही. शर्यतीत रिव्हर्स नसतो. तिला काय सांगणार.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत
ऑफिसमधून हाफ डे. टिटवाळ्याला वहिनीकडे चावी घ्यायला गेलेलो. तिने तिळगूळ दिला, पण गोड बोला म्हणाली नाही. सांभाळून चालवा भाऊजी, एवढंच म्हणाली. गाडीला की मला, विचारलं नाही.

सीट पार मागे. दादा सहा फुटी होता. मी पुढे घेतली. सेल्फ घेईना. बिल्डिंगमधल्या तीन काकांनी धक्का मारला, त्यातले एक मुद्दाम म्हणाले, चांगदेव असता तर एका झटक्यात. मी हसून हात केला.

विठ्ठलवाडीला काळुराम मेकॅनिककडे पोचेपर्यंत सीट पुन्हा मागे गेलेली. पाय क्लचला पुरेना. रेल झिजली असणार. लोखंड आहे, झिजतं.

गुरुवार, १५ जानेवारी
सेल्फ बदलला. नवीन तक्रार: डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजतो. दादा डावं वळण आलं की हॉर्न मारायचाच, रस्ता रिकामा असला तरी. काळुराम म्हणाला, कुठेतरी वायर शॉर्ट आहे, आणि हॉर्नची वायरच काढून टाकली. विषय संपला.

संकल्प: रोज पहाटे प्राणायाम. रिफ्लेक्स वाढतात.

शुक्रवार, १६ जानेवारी
प्राणायाम उद्यापासून.

संध्याकाळी डोंबिवलीत एमआयडीसीच्या मागच्या रस्त्यावर सराव. डावं वळण घेतलं. हॉर्न वाजला. थांबलो. बॉनेट उघडलं. वायर काढलेली, टेप लावलेली, जशीच्या तशी. मागून ट्रक आला असेल. रस्त्यावर ट्रक नव्हता, पण ट्रक काय, येतात आणि जातात.

मग रेडिएटर उकळला. पाणी ओतत असताना माझ्याच तोंडून निघालं, जरा थांब की रे दादा. मोठ्याने. शेजारच्या सीटकडे बघून. सवय असते माणसाला. परतताना शेजारच्या सीटवर बॅग ठेवली, म्हणजे ती रिकामी दिसत नाही.

शनिवार, १७ जानेवारी. खडवली
गाड्यांची तपासणी. आयोजकांनी पाठीवर थाप मारून विचारलं, काय चांगदेवजी, तब्येत कशी? मी म्हटलं, एकदम फिट.

सगळे दिवसभर चांगदेव म्हणत होते. चहावालाही. पहिले एक-दोन तास मजा आली. मग कोणी चांगदेव म्हटलं की मी मागे वळून बघायला लागलो. मागे कोणी नसायचं.

सरावात सायलेन्सर गळून पडला. तारेने बांधला. आवाज असा झाला की मांजरं पळाली. बाकी तयारी उत्तम. उद्या पहिल्या पाचात येणार. सहावा आलो तरी दादा खूश होईल. होईल म्हणजे, झाला असता.

रविवार, १८ जानेवारी. सकाळी सात
सेल्फ पहिल्या झटक्यात लागला. रेडिएटर थंड. सायलेन्सर घट्ट. सीट मात्र मागे. मी पाठीमागे उशी घातली आणि सीट मागेच ठेवली.

आज.

रविवार, दुपार
जे झालं ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे उगाच गैरसमज नको.

माझी पाळी आली. मी रांगेत, इंजिन चालू, काच खाली. लाऊडस्पीकरवरून हाक आली: चांगदेव यांनी स्टार्टला यावे.

आता, आमच्या आजोळचा रिवाज. संगमेश्वरला तिन्हीसांजेला बाहेरून कोणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं. माणूस तीनदा हाक मारतो, ते दुसरं काही असेल तर दोनदाच मारतं. मी नेहमी थांबायचो. दादा पहिल्याच हाकेला ओ द्यायचा, आई रागवायची, तो हसायचा. सकाळची वेळ होती, हाक स्पीकरवरून होती, हे मला कळत होतं. तरी थांबलो.

दुसरी हाक. थांबलो. मागचे ड्रायव्हर हॉर्न मारायला लागले.

तिसरी हाक. म्हणजे हाक मारणारा माणूसच होता, शंभर टक्के सिद्ध झालं. आता ओ द्यायला काहीच हरकत नव्हती. पण मी शेजारच्या सीटकडे बघत बसलो. मला खरंच वाटत होतं की तो देईल. मी ओ दिली असती तर त्याला द्यायला जागाच उरली नसती.

माझी पाळी संपल्याचा झेंडा पडला. पुढचा नंबर बोलावला. एकाने येऊन गाडी बाजूला घ्यायला सांगितली. घेतली. गाडी छान चालत होती.

घरी दीप्तीला सांगितलं, इंजिन गरम झालं.

सोमवार, १९ जानेवारी. टिटवाळा
ऑफिसला दांडी. गाडी द्यायला वहिनीकडे. वाटेत सगळं ठरवून आलो होतो: आधी रेडिएटर, मग सायलेन्सर, थोडा आयोजकांचा ढिसाळपणा.

वहिनीने काहीच विचारलं नाही. चहा ठेवला आणि दादाचा फोन माझ्यापुढे सरकवला. ती तो रोज चार्ज करते, मला माहीत नव्हतं. एंट्रीत नंबर त्याचाच होता, त्यामुळे आयोजकांचा मेसेज तिथे आलेला. चांगदेवजी, तुमची वाट पाहिली, तुम्ही स्टार्टला आलाच नाहीत. सर्व ठीक ना?

वहिनी म्हणाली, मला काय लिहावं सुचत नाही भाऊजी, तुम्ही लिहा.

मी लिहिलं, इंजिन गरम झालं. खोडलं. लिहिलं, तब्येत जरा बरी नव्हती. तेही खोडलं. खाली भंगारवाल्याचा टेम्पो येऊन उभा राहिला होता.

मग लिहिलं, मी चांगदेवचा धाकटा भाऊ सौमित्र. चांगदेव जूनमध्ये वारले.

पाठवलं. त्यांनी लगेच वाचलं. मला रडू आलं आणि वहिनीने टेम्पोवाल्याला वरूनच सांगितलं, जरा थांबा.