रांजणाच्या तळाचं पाणी

वन्सं,
वहिनीचा नमस्कार.

गेल्या मंगळवारी सकाळी मी ओटा पुसला, दूध तापवलं, केर काढला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी ठेवलेल्या दारातल्या रांजणात पाणी ओतायला कळशी घेऊन बाहेर आले, तर पायरीवर एक मुलगी वही उघडून बसलेली. (आधी तुमची खुशाली विचारायची असते, ठाऊक आहे. विचारणार आहे आणि चांगली खोदून विचारणार आहे. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. कागदाला मध्येच तोडता येत नाही.)

ती आरोग्य खात्याची नर्स. आपल्या गल्लीत अकरा जणांना कावीळ झाली, म्हणून तिला पाठवलेलं. गल्लीनं दोन दिवसांत तिचं नाव ‘चौकशीबाई’ ठेवलं. आता तुम्हाला माहीतच आहे, मी पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय फेकत नाही. जंतूंवरचं वाचनालयातलं जाडं पुस्तक माझं तीनदा वाचून झालंय. तेव्हा मी पदर खोचून तिची वाटाडी झाले. शिंप्याच्या मागचं गटार दाखवलं, बर्फवाल्याचं पिंप दाखवलं, दोघांनाही चार शब्द ऐकवले. (बर्फवाला अजून माझ्याशी बोलत नाही. बरोबरच आहे त्याचं.) ती सगळीकडे एकच विचारायची: महिनाभरात काय खाल्लंत, कुठं पाणी प्यायलात? शिंपी ऐटीत म्हणाला, “मी बाहेरचं पाणी पीत नाही.” आतून त्याची बायको ओरडली, “मग रोज दुपारी वहिनींच्या दारात काय हवा प्यायला जाता?”

तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या टेबलावर गल्लीचा नकाशा पसरला. ज्या घरात कावीळ, तिथं लाल ठिपका. मी ठिपके मोजत बसले आणि हिचं बोट मात्र शेजारच्या मास्तरीणबाईंच्या घरावर. घरात माणसं चार, ठिपका एकही नाही. म्हणाली, “काकू, आजारी कोण ते सगळेच बघतात. मी बघते, धडधाकट कोण राहिलं आणि का.”

का, ते मला ठाऊक होतं. भिंतीवरून भांडण झाल्यापासून नऊ वर्षांत त्या घरानं आपल्या रांजणाच्या पाण्याला ओठ लावलेला नाही. (भांडणानं त्यांचं यकृत वाचवलं. मी जाऊन तसं सांगितलं, तर बाईंनी नऊ वर्षांत पहिल्यांदा मला खुर्ची दिली.)

वन्सं, माझ्या अंगावर काटा आला. जे कुणाच्या डोळ्याला दिसत नाही, त्याच्यापर्यंत ही पोर एक पेन्सिल आणि चार प्रश्न घेऊन चालत गेली! केवढी ही विद्या! आणि ते बसलं होतं माझ्याच दारात. मी तीनदा पुस्तक वाचून त्याला लोकांच्या घरात शोधत होते.

मग तिनं विचारलं, रांजण पूर्ण रिकामा कधी केला होता?

तिच्याशी खोटं बोलवेना. तुमचे दादा गेले त्या सकाळी त्यांनी तो भरला होता. त्यानंतर तीन वर्षं मी वरून नवं पाणी ओतत आले, पण तळाचं वीतभर कधी उपसू दिलं नाही. त्यांनी ओतलेलं थोडं तरी त्यात असेल, असं वाटायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्हालाही नाही.

तिनं वहीत लिहिलं नाही. वही मिटून म्हणाली, “कुणाचा तरी घाणेरडा हात त्यात बुडाला असणार, काकू. रोज रांजण धुतला असता, तर ते तिथंच संपलं असतं. तुम्ही त्यांचं पाणी जपलंत, त्याच्याबरोबर हेही जपलं गेलं.” रांजण उचलून नेण्याचा अधिकार तिला होता, पण तिनं जंतू मारायच्या पावडरची एक पुडी टेबलावर ठेवली, कशी वापरायची ते सांगितलं आणि ‘उद्या येते’ म्हणून गेली.

सगळ्यांना आशीर्वाद.

तुमची,
वहिनी

ता. क. तुम्ही तीन आठवड्यांपूर्वी आला होतात आणि दादांचा रांजण म्हणून दोन पेले पाणी पिऊन गेलात. हा आजार दोन ते सहा आठवडे आत दडून बसतो. चौकशीबाईच्या वहीत रांजणाचं पाणी प्यायलेल्यांच्या यादीत तुमचं नाव मीच घातलंय, एकतिसावं. तेव्हा उजेडात आरसा धरून डोळ्यांचा पांढरा भाग बघा. पिवळा असो नसो, डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासून घ्या. तोवर साबणानं हात धुवा आणि नातवाला तुमच्या हातानं भरवू नका. (हे सुरुवातीला लिहिलं असतं, तर तुम्ही पुढचं न वाचताच रडत बसला असतात.) उलट टपाली कळवा.

ता. क. दुसरा. रांजणाचं काय झालं, ते विचाराल. दुसऱ्या दिवशी सकाळी, ती यायच्या आधी, मी पावडर आत टाकली, तासभर जवळ बसले, मग रांजण आडवा केला आणि सगळं पाणी गटारात ओतलं.