सुईचं टोपण

सिस्टर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि आज मी तुमच्यावर चिडले आहे. तुम्ही असतात तर तोंडावर बोलले असते, म्हणजे धीर झाला असता तर.

औशाकडच्या त्या दवाखान्यात मी नवीन होते. एका आजीला इंजेक्शन देताना स्पिरिटचा बोळा फिरवला आणि लगेच सुई घातली. आजी किंचाळली. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "काय गं, एसटी चुकायली का तुझी? स्पिरिट वाळू दे की. ओल्यावर टोचलं की लई आग होते." पुढच्या बाईला कमरेत टोचायचं होतं, तिला तुम्ही दुसऱ्या पायावर भार टाकायला लावलात, सुनेशी पटतं का विचारलंत, आणि ती गाऱ्हाणी सांगेपर्यंत इंजेक्शन देऊनही झालं.

सुई हातातून हातात देऊ नये, भांडण होतं, असं आपल्याकडे घरोघरी म्हणतात. तुम्ही ते दवाखान्यातही लावून धरलंत. ट्रेमध्ये ठेव, मी उचलते. त्याने कितीजणींची बोटं वाचली! पण त्याच्याच जोडीने दुसरा नियम होता: उघडी सुई खाली ठेवायची नाही, आधी टोपण लाव. इथे तुम्ही चुकलात. पुढे प्रशिक्षणात सांगितलं, वापरलेल्या सुईला टोपण लावू नका, तशीच सुई तोडायच्या कटरमध्ये घाला. मी मान हलवली, त्यांचा चहा प्याले आणि परत येऊन टोपण लावतच राहिले. तुमच्यापेक्षा यांना जास्त कळतं होय, असं वाटायचं.

आता इकडे मुखेडच्या बाजूला मीच मोठी सिस्टर आहे. आज सकाळी नवीन मुलगी मी शिकवलं तसं टोपण लावायला गेली आणि सुई तिच्या अंगठ्यात घुसली. मी पाहिलं तेव्हा ती बेसिनपाशी अंगठा दाबून रक्त काढत होती. "कुणाला सांगू नका मॅडम. माझं लग्न ठरलंय." मी दाबणं थांबवलं, नळाखाली साबणाने हात धुवायला लावला आणि तिला तडक नांदेडला नेलं. तिचं रक्त तपासलं, एचआयव्हीची लागण टाळायच्या गोळ्या सुरू झाल्या. महिनाभर घ्यायच्या आहेत, पुढेही तपासण्या आहेत. येताना ती खिडकीबाहेर बघत बसली.

उद्या सगळ्यांना उभं करून सांगणार आहे. कटर हाताशी असल्याशिवाय कुणी सुई उघडायची नाही. टोपण काढलं की कचऱ्यात. कुणाला टोचलीच तर त्याच घटकेला माझ्याकडे यायचं, मी रागावणार नाही. स्पिरिट मात्र वाळू द्यायचं, तो नियम तुमचाच राहील.

घटनेचा कागद भरायचा होता. 'कारण' या रकान्यात पोरीने 'माझा हलगर्जीपणा' असं लिहिलं होतं. मी तो फाडला आणि नव्या कागदावर लिहिलं, 'वरिष्ठांनी शिकवल्याप्रमाणे टोपण लावताना'. खरं सांगते, पुढे आधी तुमचं नाव घातलं होतं. मेलेल्या माणसाला कोण विचारायला जातंय! मग ते खोडलं आणि माझं लिहिलं.