सोम्पोतचा ताईत कोणाला जावा

मी, लमाई बुन्सॉन्ग, वय एकोणऐंशी, शिक्षण चौथी, राहणार प्राचीनबुरी, नदीकाठची शेवयांची टपरी. डोके ठिकाणावर आहे. कचेरीतल्या कारकुनाने खात्री करायला आजचा वार विचारला, मी त्याला त्याच्या लग्नाचाही वार सांगितला. मला कोणी भरीला घातलेले नाही. माझ्या पश्चात माझ्या वस्तूंचे काय करायचे ते माझ्याच हाताने लिहीत आहे.

एक. घर, टपरी, दोन्ही पातेली आणि बाकडी माझी नात वनिदा हिला. तिने रस्सा पातळ करू नये.

दोन. माझा दुसरा नवरा, नाव लेक, वारून अकरा वर्षे झाली, त्याची होडी त्याच्या भावाला. लेक भला माणूस होता. तो बाजारात कोणाशी हसतो हे मी एकदाही वळून पाहिले नाही. पाहायला हवे होते, त्याला बरे वाटले असते.

तीन. रस्सा वाढायचा मोठा डाव शेजारीण सोमजितला. तसाही सहा वर्षे तिच्याकडेच आहे.

चार. आता ताईत. जनरल सोम्पोत कांथवारी यांचा, भाजक्या मातीचा, बुद्धाची मूर्ती असलेला. यासाठीच कागद विकत आणला.

सोम्पोत इथल्या पलटणीत लेफ्टनंट होता तेव्हा आमचे लग्न झाले. भिक्खू आले, म्हाताऱ्यांनी आमच्या हातांवर शंखाने पाणी ओतले, मनगटांना दोरे बांधले. सगळ्या गल्लीने जेवण झोडले. कचेरीत जाऊन सही तेवढी राहिली. तो म्हणाला, "वरून परवानगी यायची आहे, पुढच्या वर्षी करू." मीही म्हटले, पाणी पडले ना हातावर, कागदाचे काय मोठे. इथल्या अर्ध्या बायका याच चुकीवर संसार करतात. सात वर्षे मी भाताच्या पेजेची खळ करून त्याचे गणवेश कडक केले. तो डोंगरात लढायला निघाला तेव्हा हा ताईत मी त्याच्या गळ्यात घातला. गोळी त्याची कड उडवून गेली. माणूस कॅप्टन होऊन परत आला.

मग बँकॉकला वरच्या शिक्षणाला गेला. जाताना म्हणाला, "सोनाराकडून याला नवी चौकट करून ठेव, न्यायला येतो." चौकट झाली. तो आला नाही. तिकडे त्याने एका जनरलच्या मुलीशी, ओरापिनशी, लग्न केले, आणि त्या सहीला परवानगी लगेच मिळाली. आमच्या गल्लीच्या हिशेबाने मी थोरली बायको, ती धाकटी. पुढे दरबाराकडून तिला खुन्यिंग ही पदवी मिळाली. मला मिळाली शेवयांची टपरी.

लष्कराने बंड करून सरकार पाडले त्या सकाळी टीव्हीवर सेनापतींची रांग दिसली. डावीकडून तिसरा तो. सगळी गल्ली म्हणाली, आपला सोम्पोत. मी पाहिले ते एवढेच, की गणवेशाची कॉलर मऊ होती. खळ कशी करतात हे तिला येत नव्हते. त्या दिवशी मी फार समाधानाने जेवले.

नंतर गणवेश उतरवून त्याने पक्ष काढला आणि मते मागायला इथेच आला. "मी प्राचीनबुरीचा मुलगा," म्हणाला. मी रांगेत उभी राहून झेंडूचा हार घातला. त्याने हात जोडले. "धन्यवाद, काकू." मी त्याच्याहून दोन वर्षांनी लहान आहे. ओरापिन त्याच्या मागे छत्री धरून उभी होती. मी तरी मत त्यालाच दिले, हे इथे प्रथमच कबूल करते. तो मंत्री झाला.

तो गेला तेव्हा अंत्यविधीला वाटलेले त्याच्या आयुष्याचे पुस्तक मी वनिदाकडून दोनदा वाचून घेतले. घोड्याचे नाव आहे. माझे नाही. एका फोटोत कडेला माझा हात राहिला आहे, मनगटाला दोरा बांधलेला. बाकीची मी कापलेली आहे.

आता ओरापिनचा मुलगा क्रित निवडणुकीला उभा आहे आणि सभेत सांगत फिरतो, बाबांना ताईताने वाचवले. लोक म्हणतात, दाखव. म्हणून गेल्या मंगळवारी ओरापिन मोटारीतून आली आणि माझ्या बाकड्यावर रुमाल पसरून बसली.

"तुम्हाला त्याचा काय उपयोग आहे?"

"तुला माझ्या नवऱ्याचा काय उपयोग होता? तरी नेलासच ना."

"माझं लग्न नोंदवलेलं आहे."

"माझं नाही. म्हणून तर आता लिहून काढतेय."

तिने शेवया मागवल्या. मी कोथिंबीर घालायला गेले तर म्हणाली, "नको. त्यांच्यामुळे सवय गेली." त्याला कोथिंबीर चालत नाही हे फक्त मला ठाऊक आहे, असे मी पन्नास वर्षे समजत होते. तो वाडगा मी आपटूनच ठेवला.

कारकून म्हणाला, "आजी, साक्षीची सही करणाऱ्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. त्याच्या मुलाला मिळू शकतं." फार चांगला कायदा आहे. म्हणून ताईत क्रितला जावा, पण त्याच्या आईने हे सगळे वाचून, माझ्यासमोर, खाली साक्षीदार म्हणून सही केली तरच. सहीशेजारी माझ्याशी नाते लिहायचा रकाना आहे. तो तिने आपल्या मनाने भरावा. रिकामा ठेवला किंवा खोटा भरला तर ताईत देवळाच्या तळ्यात टाकावा, कासवांना निवडणूक नसते.

पाच. माझ्या अंत्यविधीला पुस्तक छापू नये. हाच कागद वाचून दाखवावा.

ठिकाण: प्राचीनबुरी, माझी टपरी. बुद्ध संवत २५६६, एप्रिलची दुसरी तारीख.

सही: लमाई बुन्सॉन्ग

साक्षीदार पहिला: सुतिन खामवान, गावचा मुखिया. नाते: शेजारी.

साक्षीदार दुसरी: खुन्यिंग ओरापिन कांथवारी. नाते: परिचित (हा शब्द मी स्वतः खोडला आहे, शेजारी सही केली आहे. ओ. कां.) धाकटी.