आईचा उपास अलेक्झांड्रियात

मिन्या, रविवार, ६ डिसेंबर १९८७

चि. नस्सीफ यास दिम्यानाताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

येथे प्रभूच्या कृपेने मी खुशाल आहे. म्हणजे रिकाम्या घरात माणूस असावं तितकी. आज चर्चमध्ये आपल्या धर्मगुरूंनी, अबूनांनी, प्रसादाची भाकर वाटली. सवयीने आईचाही वाटा मागून घेतला आणि घरी येताना दोन्ही मीच खाल्ले. आता निवांत बसून लिहिते आहे.

आईचं पत्र मिळालं. चार पानं, त्यातली तीन तुझ्या बायकोच्या स्वयंपाकावर. हिरूत हरभऱ्याच्या पिठाचं तिखट पिठलं काय करते, परातीएवढी जाळीदार इंजेराची धिरडी काय घालते! हीच आई माझ्याकडे होती तेव्हा डाळ खारट, भात चिकट, वांगं कच्चं. इतकी वर्षं माझ्या हातचं एकदा तरी तिला आवडलं असेल, तर मला आठवत नाही.

हिरूत गुणी असेल, मी कुठे नाही म्हणते? पण आदिस अबाबाहून आलेल्या मुलीला आपला कॉप्टिक उपास काय कळणार? सात जानेवारीला आपला नाताळ होईपर्यंत दूध, तूप, लोणी वर्ज्य, हे तिला कोणी सांगितलं आहे का? आई लिहिते की पिठल्याला लोण्यासारखी चव असते. लोण्यासारखी चव लोण्यालाच येते, बाबा. म्हातारीचा उपास मोडलात, तर पाप तुमच्या माथी.

सोबत मलूहा पाठवते. आईला ही खारवलेली मासळी जीव की प्राण. बुधवार-शुक्रवार सोडून या उपासाला मासळी चालते, हेही सूनबाईंना सांग.

लोभ वाढवा असं लिहायची रीत आहे. तुमच्या पंगतीत उरला, तर थोडा मलाही ठेवा.

तुझी ताई

---

अलेक्झांड्रिया, रविवार, १३ डिसेंबर १९८७

ती. दिम्यानाताईस सा. न. वि. वि.

ताई, तुझं पत्र हिरूतला वाचून दाखवलं, हा माझा गाढवपणा. ती हसली नाही, रागावलीही नाही. तिने मलाच विचारलं, की तुम्ही लोक उपासात मासे खाता? त्यांच्या घरी उपासात मासळीला बोटही लागत नाही, आणि उपासाचे दिवस आपल्यापेक्षा कमी नाहीत, जास्तच. पिठल्यात तेल आणि मसाला, बाकी काही नाही. आपण धर्म शिकवायला गेलो आणि तिने आपल्यालाच पहिल्या बाकावर बसवलं.

तुझा मलूहा बाल्कनीत टांगला आहे. शेजारच्या मांजरांनी आमच्याकडे मुक्काम ठोकलाय. आईने हिरूतचं बघून यंदा मासळी सोडली, हे तुला सांगायला मला भीती वाटते.

आता खरं काम. आईने इथेच कायमचं राहावं असं आम्हा दोघांना वाटतं. घर तळमजल्यावर आहे, डॉक्टर जवळ आहे, आणि आई इथे इतकी आनंदात आहे, की दोन महिन्यांत एकदाही कुरकुरली नाही. आईला विचारलं, तर ती म्हणाली की दिम्यानाला विचारा. तुझा होकार असेल तर तिची पेटी पाठव.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस, ही विनंती.

तुझा नस्सीफ

---

मिन्या, रविवार, २० डिसेंबर १९८७

चि. नस्सीफ यास आशीर्वाद.

पेटी पाठवली आहे. आत लोकरीची शाल, जुना चष्मा आणि बाबांचा फोटो आहे.

मला हेवा वाटतो. मोठी बहीण म्हणून गिळत होते, आता लिहून टाकते. तुला बायको मिळाली, समुद्र मिळाला, त्याचं मला काही नाही. पण आई कुरकुरत नाही, हे वाचलं आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. म्हणजे खोट माझ्यातच होती. उपासात तरी मी वरचढ असेन असं वाटलं होतं, तिथेही तुझी बायको पुढे निघाली.

आईला सुखात ठेवा. माझी काळजी करू नका, असं लिहायचं असतं म्हणून लिहिते.

दिम्याना

---

अलेक्झांड्रिया, रविवार, २७ डिसेंबर १९८७

चि. दिम्यानास आईचे अनेक आशीर्वाद.

घरातले सगळे दुपारचे झोपले आहेत, म्हणून लिहायला बसले. पेटी आली, तुझं पत्रही वाचलं. पेटी मी उघडलेली नाही. डोकं फिरलंय का तुझं?

हिरूत फार चांगली मुलगी आहे, हीच तर पंचाईत. जरा काही बोलले तर तिचा चेहरा उतरतो. पहिल्या दिवशी त्या तिखटाने माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तर तिला वाटलं मला गहिवरून आलं. तेव्हापासून ताटात पडेल त्याला छान म्हणते आहे. मासळी सोडली तीही भक्तीने नव्हे. त्या पोरीसमोर खायची लाज वाटली. दोन महिने मी पोट आत ओढून बसल्यासारखी बसले आहे. गोड बोलून बोलून जबडा दुखायला लागला ग. पाहुणीने दुसरं काय करायचं? नस्सीफ त्याला आनंद म्हणतो.

तुझ्याकडे मी कधी पाहुणी नव्हते, म्हणून तोंडाला येईल ते बोलले. ते तुला इतकं लागत असेल हे मला कोणी सांगायचं? तूही मेली कधी उलटून बोलली नाहीस.

नस्सीफ शनिवारी मला गाडीत बसवून देतो आहे. पोरीचं मन दुखवलं नाही. मिन्याच्या चर्चशिवाय माझा नाताळ होत नाही, असं सांगितलं. ते तिला लगेच पटलं.

पिठलं आता मला खरंच आवडू लागलंय. हिरूतने मसाला बांधून दिला आहे. तुला जमेलसं वाटत नाही. मी शेजारी बसून सांगेन.

तुझी आई